नव्या संचात

एक कबुली आधीच देऊन टाकतो. मी अजून रेसलिंग बघतो. म्हणजे तेच ते, डब्ल्यूडब्ल्यूएफ. (जंगली प्राण्यांसाठी काम करणाऱ्या वर्ल्ड वाइड फंडाशी कोर्टात हरल्यावर २००२ साली त्यांना तो 'एफ' सोडावा लागला आणि डब्ल्यूडब्ल्यूई झालं. पण आमच्या घरात अजून एफच.)

"अरे, खोटं असतं ते सगळं!" असं गेली पंचवीस-तीस वर्षं मला सांगणारे काका आणि मावश्या हे वाचत असतीलच. त्यांना एकदाच सांगतो. हो, निकाल आधी ठरलेला असतो. पण आवडतं नाटक आपण चौथ्यांदा बघायला जातो तेव्हा शेवट माहीत असतोच की! आणि नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापून आलं की जुना प्रेक्षक आधी काय बघतो? कोण आलं ते नाही. कोण गेलं ते. आजचा विषय हाच. रेसलिंगमधला नवा संच, जुना संच आणि संचातून गळलेली माणसं.

निमित्त झालं भाच्याचं. परवा दोघं बसून बघत होतो. एक जण रिंगमध्ये आला. भाचा म्हणाला, "मामा, हा रॉचा की स्मॅकडाउनचा?" मी छातीठोकपणे सांगितलं, स्मॅकडाउनचा. मग त्याने मला शांतपणे आठवण करून दिली की आपण बघतोय ते रॉ आहे. "म्हणजे तुला पण माहीत नाही," असं वर म्हणाला. लागलं हो मनाला. ज्या माणसाने इंजिनिअरिंगच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही बाजूंची अख्खी यादी लिहून ठेवली होती, त्याच्यावर ही वेळ!

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (ठाऊक असलेल्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.) मार्च २००१ मध्ये विन्स मॅकमहनने आपली सगळ्यात मोठी प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली. तिसरी कंपनी ईसीडब्ल्यू त्याच सुमारास बुडाली. अमेरिकेतले बहुतेक मोठे पैलवान एकाच दारात येऊन उभे राहिले आणि टीव्हीवरचे मुख्य कार्यक्रम दोनच, सोमवारचा रॉ आणि तेव्हा गुरुवारी लागणारा स्मॅकडाउन. मग २५ मार्च २००२ ला हजेरीपट फाडून दोन केले. एका बाजूला मालक म्हणून रिक फ्लेअर, दुसऱ्या बाजूला स्वतः विन्स, आणि शाळेत कबड्डीला गडी वाटून घेतात तसे गडी वाटले. विन्सने स्मॅकडाउनसाठी पहिलं नाव घेतलं रॉकचं. फ्लेअरने रॉसाठी घेतलं अंडरटेकरचं.

मी तेव्हा भयंकर चिडलो होतो. चार मोठी माणसं एकत्र असताना जी मजा येते ती दोन-दोन करून कशी येणार? होस्टेलवर मी हे सगळ्यांना पटवूनही दिलं होतं. आणि मी साफ चुकलो होतो.

झालं असं की मोठी नावं विभागली गेल्यावर दोन्हीकडे जागा रिकाम्या झाल्या. एसटी स्टँडवर जादा गाडी लागली की कडेला उभा असलेला माणूस बसतो, तसं झालं. आधी दोन्ही कार्यक्रमांचे चार तास त्याच पाच-सहा जणांत संपायचे. आता दुसऱ्या गाडीला स्वतःचा विजेता हवा आणि त्याला आव्हान देणारे दोन-तीन जण हवेत. मग रे मिस्टीरिओसारखा साडेपाच फुटी माणूस पुढे आला आणि २००६ च्या रेसलमेनियात वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. एडी गरेरोला नोव्हेंबर २००१ मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणानंतर काढून टाकलं होतं. तो एप्रिल २००२ मध्ये परत आला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये त्याने ब्रॉक लेसनरला हरवून पट्टा जिंकला. आपल्या खलीलाही जुलै २००७ मध्ये पट्टा मिळाला. एज जखमी होऊन स्मॅकडाउनचा पट्टा रिकामा झाला म्हणून. खलीचे सामने बघायला त्रासच व्हायचा हे मी मान्य करतो. तरी त्या दिवशी आरडाओरडा करून मी शेजाऱ्यांना जागं केलं होतं, हेही मान्य करतो.

तर माझं पहिलं मत असं की ड्राफ्टचं महत्त्व त्या रात्रीच्या धक्क्यात नाही. दोन कार्यक्रमांमध्ये भिंत उभी राहते आणि तिच्या आडोशाला मधली माणसं वाढतात, हा त्याचा खरा उपयोग. पण भिंत भिंतीसारखी हवी. जून २००५ मध्ये जॉन सीना पट्ट्यासकट स्मॅकडाउनमधून रॉवर गेला तेव्हा आमच्या होस्टेलवर सुतकी कळा होती. आपले लाडके मास्तर बदली होऊन तालुक्याला गेल्यासारखं वाटलं. पुढे त्याच महिन्याच्या शेवटी बॅटिस्टा रॉवरून आला तेव्हा जिवात जीव आला. बदलीचं दुःख झालं, कारण बदली खरी होती. गेलेला माणूस पुढच्या गुरुवारी दिसणार नव्हता.

पुढे ही भिंत लोकांनी लघवी करून... जाऊ दे. भिंतीला भोकं पडली एवढंच म्हणतो. ऑगस्ट २०११ मध्ये ती पाडलीच. जुलै २०१६ मध्ये पुन्हा बांधली आणि मे २०१९ मध्ये 'वाइल्ड कार्ड' नावाचा नियम काढला, म्हणजे ठरावीक संख्येत कुणीही कुठेही जावं. ती संख्या पहिल्याच रात्री तीनाची चार झाली. मग ड्राफ्टची परीक्षा घेतलीच कशाला? त्यानंतर तीन वर्षं ड्राफ्ट ऑक्टोबरात ठेवला आणि रॉ विरुद्ध स्मॅकडाउन अशी लढाई नोव्हेंबरात. महिन्यापूर्वी बदलून आलेला माणूस लाल टीशर्ट घालून 'आपल्या रॉच्या अब्रूसाठी' लढणार! कुणाला खरं वाटावं? २०२१ मध्ये तर शार्लट आणि बेकी लिंच या दोन विजेत्यांची अदलाबदल झाली, तेव्हा दोघींनी रिंगमध्ये उभं राहून एकमेकींना पट्टे देऊन टाकले. सरकारी कचेरीत चार्ज देतात-घेतात तसे. ज्या पट्ट्यासाठी माणसं हाडं मोडून घेतात त्याची ही किंमत. २०२५ साली ड्राफ्ट झालाच नाही. भाच्याच्या प्रश्नाला मला उत्तर येत नाही यात दोष सगळा माझा नाही.

इथपर्यंत गमतीची गोष्ट होती. आता जी सांगायची म्हणून हे लिहायला बसलो ती सांगतो.

२०१२ साली तीन जणांची एक टोळी जमवली होती, थ्री एमबी नावाची. हीथ स्लेटर, ड्रू मॅकइन्टायर आणि जिंदर महाल. गिटार वाजवल्याचं नाटक करत यायचे आणि मार खाऊन जायचे. काम तेवढंच. जून २०१४ मध्ये यातल्या दोघांना, ड्रू आणि जिंदरला, एकाच दिवशी काढलं. स्लेटर राहिला.

मग २०१६ चा ड्राफ्ट आला. स्लेटरचं नाव कुणीच घेतलं नाही. कथेतच तसं लिहिलं होतं. तो दर आठवड्याला कधी या दारात, कधी त्या दारात नोकरी मागत फिरायचा आणि सांगायचा की मला पोरंबाळं आहेत. प्रेक्षक खदखदा हसायचे. मीही हसायचो. दोन कार्यक्रमांसाठी आता माणसं जास्त लागणार होती म्हणून जिंदरला परत बोलावलं आणि त्याची रॉवरची जागा ठरली ती स्लेटरला हरवून! शेवटी स्लेटर ऱ्हायनोबरोबर जोडी करून सप्टेंबरात स्मॅकडाउनचा जोडीचा पट्टा जिंकला, तेव्हा कुठे त्याला कथेत नोकरी मिळाली.

जिंदरला २०१७ मध्ये स्मॅकडाउनवर बदललं आणि त्या मे महिन्यात रँडी ऑर्टनला हरवून तो डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. ड्रू बाहेर राहून घडला, २०१७ मध्ये परतला आणि एप्रिल २०२० मध्ये त्याने लेसनरला हरवलं. कोविडचे दिवस होते, समोर एकही प्रेक्षक नव्हता. काढून टाकलेले दोघे असे सगळ्यात वर पोचले.

आणि त्यानंतर दहा दिवसांनी, १५ एप्रिल २०२० ला, कंपनीने बऱ्याच जणांना काढलं. त्यात स्लेटर होता. या वेळी कथेत नाही, खरंच. पोरंबाळंही खरीच होती. ही माणसं कागदोपत्री नोकर नसतात, कंत्राटी असतात. संकेतस्थळावर नावांची यादी आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा, बस्स. ती यादी वाचली तेव्हा २०१६ मधलं माझं हसू मला आठवलं. त्या दिवसांत आपल्या आजूबाजूलाही अशा याद्या निघत होत्या, कुणाला वेगळं सांगायला नको.

त्या जुलैमध्ये स्लेटर एका दिवसापुरता परत आला आणि त्याने ड्रूला आव्हान दिलं. सामना काही सेकंदांत संपला. पण नंतर ते दोघे मिठी मारून उभे राहिले, ते मात्र लिहून दिलेलं वाटलं नाही मला. लिहून दिलेलं असलं तरी चालेल.

पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, कंपनीचं उत्पन्न पहिल्यांदा एक अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि त्याही वर्षी माणसं काढणं चालूच होतं. एप्रिल २०२४ मध्ये जिंदरही पुन्हा गेला. एकेकाळचा विजेता, पण निरोपाचा सामना नाही.

मला रागही येतो आणि गंमतही वाटते. सोमवारचा माणूस शुक्रवारी गेला तर दोन रात्री ढोलताशे, आणि माणूस कायमचा गेला तर एक ओळ. एडी, ड्रू आणि जिंदर, तिघांनाही एकदा नको म्हणून काढलं होतं. म्हणजे याद्या करणाऱ्यांनाही कोण कामाचा ते कळत नसतं. कळत नसेल तर निदान निरोप तरी नीट द्यावा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. ड्राफ्ट वर्षातून एकदाच, रेसलमेनिया झाल्यावर. मग वर्षभर भिंतीला हात लावायचा नाही. आणि दहा-बारा वर्षं अंग झिजवलेल्या माणसाला त्याच्या गावात एक शेवटचा सामना. हरला तरी चालेल.

विन्सपासून आजच्या मालकांपर्यंत कुणीही मराठी वाचत नसल्यामुळे यातलं काही होईल अशी आशा नाही. पण ती जुनी वही परवा माळ्यावर सापडली. 'रॉ' आणि 'स्मॅकडाउन' अशा दोन रांगांच्या खाली मी एक तिसरी यादी केली होती. 'यांना काढा' असं शीर्षक, त्याखाली दोन रेघा आणि अकरा नावं. ते पान भाच्याला दाखवलं नाही.