मुंबईची किल्ली कोणाच्या कमरेला?



मुंबई कुणाची, हा प्रश्न निघाला की आपण भाषेवरून भांडतो. भांडावयास पाहिजेच. पण त्याच दमात दुसरेही विचारावे असे मला वाटते. शहरातले पोलीस कुणाचा हुकूम ऐकतात? जमीन कुणाच्या नावावर आहे? जमलेला पैसा कुठल्या तिजोरीत पडतो? किल्ली ज्याच्या कमरेला, घर त्याचे. मग दारावर पाटी कोणत्याही लिपीत रंगवा.

१९५५ सालच्या नोव्हेंबरात काँग्रेसश्रेष्ठींनी तीन तुकड्यांची योजना पुढे केली. महाराष्ट्र एक, गुजरात एक, आणि मुंबई शहर निराळे. २१ नोव्हेंबरला विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी रेडिओवरून सांगितले की, मुंबई केंद्राच्या कारभाराखाली राहील. त्यानंतर गिरणगावात आणि गिरगावात काय झाले ते सांगत बसत नाही. या लढ्यात १०५ माणसे गेली आणि त्यांत हातावर पोट असणारेच जास्त होते.

मुंबई तोडण्याला कारण काय दिले होते? तर म्हणे मुंबई सर्वांची. १९५१ च्या शिरगणतीत मराठी बोलणारे शेकडा ४४ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी, म्हणून ती एकट्या महाराष्ट्राची नाही! दुसरी कोणतीही भाषा या आकड्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हती, हे मात्र कोणी मोठ्याने बोलत नसे. आणि खरे कारण त्याच्या मागे होते. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा अशी बडी मंडळी ज्या बॉम्बे सिटिझन्स कमिटीत होती, तिचे म्हणणे असे की, हे शहर भांडवलाने उभे राहिले आहे, ते प्रांताच्या हाती जाऊ नये. भांडवल शेटजींचे, हे कबूल. पण कापूस वऱ्हाड-खानदेशातून यायचा, साच्यावर उभे राहणारे हात कोकणातून आणि घाटावरून यायचे. अहो, नुसत्या हुंडीवर धोटा पळत नाही.

केंद्राच्या हाती शहर गेले म्हणजे कामगाराचे काय होते, हे समजून घ्यायला पोथी लागत नाही. दिल्ली बघा. तिथे १९५२ साली निवडून आलेली विधानसभा होती, मुख्यमंत्री होता. पण पोलीस आणि सरकारी जमीन हे विषय तिच्या हातात दिलेच नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती विधानसभाही गेली. त्याच दिवशी इकडे आपल्या गळ्यात द्विभाषिक मुंबई राज्य पडले, हा योगायोग ध्यानात ठेवा. पुढच्या वर्षी केंद्राने कायदा करून दिल्लीच्या जमिनीसाठी स्वतःचे प्राधिकरण उभे केले. विधानसभा परत मिळाली ती १९९१ च्या घटनादुरुस्तीने, आणि मतदान झाले १९९३ साली. सदतीस वर्षे! आणि परत मिळाली तेव्हाही पोलीस, बंदोबस्त आणि जमीन दिल्लीश्वरांनी आपल्याकडेच ठेवली.

२०२३ सालच्या ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दिल्लीतले अधिकारी निवडून आलेल्या सरकारच्या हुकमाखाली असावेत. १९ मे रोजी केंद्राने वटहुकूम काढून तो अधिकार काढून घेतला, आणि ऑगस्टात त्याचा कायदा झाला. आठ दिवस! आमच्याकडे बदली कामगाराचा पास यापेक्षा जास्त दिवस टिकायचा.

दिल्लीतही कापड गिरण्या होत्या. १९९६ साली न्यायालयाच्या हुकमाने त्या शहरातले किती तरी कारखाने बंद झाले किंवा बाहेर गेले, त्यांत गिरण्याही होत्या. हवा शुद्ध करायची तर करा, आमचे म्हणणे नाही. पण त्या कामगाराने दाद कुणाकडे मागायची? त्याचा आमदार म्हणणार, जमीन माझ्याकडे नाही. मोर्चा काढला तर लाठी चालवणारा पोलीस त्याच्या मुख्यमंत्र्याला ओळखत नाही. मत आहे, पण त्या मताला दात नाहीत. १९५६ साली मुंबईच्या ताटात हेच वाढून ठेवले होते.

आता कोणी म्हणेल, मुंबई १ मे १९६० ला महाराष्ट्रात आली, मग तुमचे भले झाले का? त्याला मी लालबाग ते लोअर परळ एक फेरी मारायला सांगेन. मान वर करून मजले मोजताना टोपी पडेल. त्या टॉवरखाली आपली खाती होती.

हे सगळे दिल्लीने केले नाही. आपल्याच सरकारने केले, हे दडवायचे कशाला? १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा राज्याचा. धंद्यात एकच युनियन मान्य, बाकीच्यांनी दारात उभे राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा याच कायद्याची ढाल पुढे करून सरकार बसून राहिले. मालकाने संप मोडला असे आपण म्हणतो. मोडायला वेळ दिला तो सरकारने.

मग जमिनीचे पाहा. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकायची तर ढोबळपणे एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. वाटणी बरी होती. २००१ साली सरकारने त्यातला अर्थ बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, खात्यांच्या इमारती उभ्या असलेली जागा हिशेबातून बाहेर! गिरणी म्हणजे सगळी इमारतच. मोकळे असते ते काय, भोंग्याखालचे अंगण? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. सुमारे सहाशे एकरांचा मामला एका दुरुस्तीने फिरला. ना गोळीबार, ना सभा.

केंद्रही काही सोवळे नाही. संपानंतर १९८३ साली त्याने मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार घेतला, आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या हाती इथल्या पंचवीस गिरण्या होत्या. २००५ साली ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर, मुंबई टेक्स्टाइल यांच्या जमिनी लिलावात गेल्या. बंदराकाठची जमीन केंद्राची, रेल्वेची केंद्राची. आयकर तर आधीपासून तिकडेच जातो.

आणि शहराची आपली म्हणवणारी महापालिका? तिचा कायदा १८८८ चा. नगरसेवक आपण निवडतो, पण आयुक्त सरकार नेमते आणि कारभाराची दोरी त्याच्या हाती. जकात ही तिची मोठी मिळकत होती, ती १ जुलै २०१७ ला गेली. बदल्यात भरपाईचा हप्ता सरकारकडून यायचा. स्वतः कमावणाऱ्या घरधन्याला दर महिन्याला हात पसरायला लावले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ इतक्या मोठ्या शहराला नगरसेवकच नव्हता, एकटा प्रशासक. १९५६ साली मुंबईवर प्रशासक बसवतो म्हटल्यावर रस्ते पेटले होते. या वेळी तो गुपचूप येऊन बसला, कारण तो मंत्रालयातून आला होता.

तरीही दिल्लीपेक्षा मंत्रालय बरे, असे मी म्हणतो आणि त्याचे कारण साधे आहे. ते चर्चगेटहून चालत गाठता येते. तिथे बसलेल्याला पाच वर्षांनी परळच्या चाळीत मते मागायला यावे लागते. २०१२ पासून म्हाडाच्या सोडतीत गिरणी कामगारांना जी काही हजार घरे मिळाली, ती कुणाच्या दयेने नाही, याच दाबाने मिळाली. अर्ज मात्र लाखाच्या वर आहेत, आणि अर्ज करणाऱ्यांतले किती तरी म्हातारे सोडतीची वाट बघत गेले.

म्हणून आता सरकारला आपण काय विचारायचे ते ठरवू. २०२४ साली त्याने शेलू आणि वांगणीला घरे देण्याचा निर्णय काढला. मुंबई ज्यांनी उभी केली त्यांनी कर्जतच्या गाडीत बसावे! २०२५ च्या जुलैत कामगार आणि त्यांचे वारस भर पावसाळ्यात आझाद मैदानात जमून हेच बोलले. मुंबईत जागा नाही, असे उत्तर मिळाले तर मान्य करू नका. गिरण्यांची, बंदराची, महामंडळांची, प्राधिकरणांची जमीन किती आणि कुणाला किती भाड्याने दिली, याची एकरावार यादी मराठीत छापून प्रत्येक वॉर्डात लावा, असे सांगा. ती वाचल्याशिवाय वांगणीच्या कागदावर कोणी सही-अंगठा करू नये.