कोरा रकाना आणि शून्य पाऊस

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचा लौकिक आता इतका दूरवर पोहोचला आहे की, तेथील वृक्षराजीचे, समतल चरांचे आणि श्रमदानाचे वर्णन पुन्हा वाचण्याचे औत्सुक्य वाचकांस क्वचितच उरले असेल. तथापि गाव पाहावयास येणाऱ्या मंडळींचे लक्ष जिच्याकडे सहसा जात नाही आणि जी माझ्या मते त्या गावाच्या कर्तबगारीतील सर्वांत दुर्मिळ बाब आहे, ती म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. 1989 साली सरपंच झालेल्या आणि पुढे 2020 साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, शेतीसाठी बोअर घेण्यास आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांस मनाई केली, हे सर्वश्रुत आहे. परंतु गेली सुमारे वीस वर्षे हे गाव दर वर्षी पावसाची मोजदाद करून, निरीक्षण विहिरींची पातळी पाहून, किती पाणी आले, किती वाहून गेले, किती वाफ होऊन उडाले आणि किती भूगर्भात मुरले याचा जमाखर्च मांडते, त्यातून माणसांच्या व जनावरांच्या पिण्याची तरतूद प्रथम बाजूस काढते आणि उरलेल्या शिलकेवर रब्बीत काय पेरावयाचे हे ग्रामसभेत ठरविते.

एखाद्या शेतकऱ्यास ‘यंदा गहू करू नकोस’ असे सांगण्याचा अधिकार ज्या आकड्यास प्राप्त होतो, तो आकडा कोठून आला हे विचारण्याचा अधिकार त्या शेतकऱ्यास असलाच पाहिजे. आणि हिवरे बाजारचा ताळेबंद लोकांनी मानला, तो बिनचूक होता म्हणून नव्हे (भूगर्भातील पाण्याचा कोणताही हिशेब बिनचूक नसतो), तर त्याची रीत सर्वांसमक्ष उघडी होती, पर्जन्यमापक गावातला, विहिरी गावातल्या आणि बेरीज-वजाबाकी गावासमोरची होती म्हणून. हा ताळेबंद आता राज्यातील अनेक गावांत जाऊ लागला आहे. केंद्राच्या अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतींनी पाण्याचे अंदाजपत्रक करणे अभिप्रेत आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावनिहाय जलताळेबंदाची गणकप्रणाली तयार केली. ज्या हिशेबास पूर्वी पाटी, खडू आणि जाणता मनुष्य लागे, तो आता संगणकावर होतो, आणि ही इष्टच गोष्ट आहे. माझी तक्रार संगणकाविषयी नाही. संगणकाबरोबर जे कागद यावयास हवेत आणि बहुधा येत नाहीत, त्यांविषयी आहे.

संगणकावरील शास्त्रीय हिशेब कोणीही मुळापासून लिहीत नाही, हे सामान्य वाचकास कदाचित ठाऊक नसेल. सरासरी, बेरीज, समीकरणांची उकल, नकाशावरील क्षेत्रफळ अशी शेकडो गणिते आधीच रचून ठेवलेले संच असतात, त्यांना त्या व्यवसायात लायब्ररी म्हणतात. पायथन या संगणकीय भाषेतील नमपाय, सायपाय आणि पांडाज ही त्यांतील विख्यात नावे, आणि 2019 साली जगाने कृष्णविवराचे जे पहिले चित्र पाहिले त्याच्या सिद्धतेतही नमपायचा हात होता. या संचांबरोबर जे विवरण दिले जाते, म्हणजे प्रत्येक आज्ञा काय घेते, काय देते, कोणती गोष्ट गृहीत धरते आणि कोणत्या प्रसंगी फसते याचा लेखी तपशील, त्याला ती मंडळी डॉक्युमेंटेशन म्हणतात. ते वाचण्याचा कंटाळा हा सार्वत्रिक आहे. लिहिण्याचा कंटाळा त्याहून अधिक.

कंटाळ्याची किंमत काय, हे एका साध्या उदाहरणाने दाखविता येईल. गावच्या पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावयाची असते. समजा, आषाढात नोंद करणारा मनुष्य आजारी पडला आणि काही दिवसांचे रकाने कोरे राहिले. कोरा रकाना म्हणजे ‘पाऊस किती झाला ते माहीत नाही’. शून्य म्हणजे ‘पाऊस झाला नाही’. कोणत्याही जुन्या कारकुनास हा भेद समजावून सांगावा लागला नसता. आता तोच रकाना नमपायच्या बेरजेस दिला तर एकही नोंद कोरी असताना ते संपूर्ण बेरीजच ‘अज्ञात’ म्हणून परत करते. पांडाजला दिला तर ते कोऱ्या नोंदी मुकाट्याने वगळून उरलेल्यांची बेरीज करते. आणि अख्खा महिना कोरा असेल तर पांडाजचे उत्तर येते शून्य. म्हणजे ज्या महिन्याची नोंदच कोणी ठेवली नाही, तो महिना कोरडा गेला असे कागदावर उमटते, आणि पुढे ज्यांस ही गोष्ट ठाऊक नाही असे अधिकारी त्या शून्यावर टंचाईचा प्रस्ताव करतात किंवा नाकारतात.

यात पांडाजच्या कर्त्यांचा अपराध काहीच नाही. एकही संख्या नसताना बेरीज शून्य मानणे हा गणितातील मान्य संकेत आहे. या प्रश्नावर त्यांच्यात बराच खल झाला, ऑक्टोबर 2017 च्या आवृत्तीत एक निर्णय झाला, डिसेंबरच्या आवृत्तीत तो फिरविला गेला, आणि फिरविण्याची कारणे, तसेच ‘किमान इतक्या नोंदी असल्याखेरीज बेरीज देऊ नये’ अशी अट घालण्याची सोय, या दोन्ही गोष्टी त्यांनी लिहून ठेवल्या. मतभेद झाला, निर्णय बदलला, आणि दोहोंची कैफियत दप्तरी राहिली: आपल्या किती सरकारी परिपत्रकांविषयी असे म्हणता येईल? तीच गोष्ट प्रमाण विचलनाची, म्हणजे पाऊस सरासरीपासून किती इकडेतिकडे हेलकावतो या मापाची. नमपाय भागाकारासाठी नोंदींची पूर्ण संख्या घेते, पांडाज त्यातून एक वजा करते, आणि दहा वर्षांच्या पावसावर दोघांची उत्तरे वेगळी येतात. दोन्ही रीती शास्त्रसंमत आहेत. कोणती केव्हा योग्य, हे विवरण वाचल्यावाचून कळत नाही, आणि तफावत दिसली की दोन खात्यांत पत्रव्यवहार सुरू होतो.

या आकड्यांचे वजन किती असते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे पावणेदहाशे हेक्टर धरले, तर एका मिलिमीटरची चूक जवळजवळ एक कोटी लिटरांची होते, आणि जेथे वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरांच्या आसपास घुटमळतो तेथे अशी चूक परवडणारी नाही.

विवरणाच्या विस्मरणाचा रोग संगणकाने आणला असेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या कामावर असलेले स्ट्रेंज नावाचे इंजिनिअर होते. इतका पाऊस पडला तर इतके पाणी ओढ्यास येईल असे कोष्टक त्यांनी आज ज्यास महाराष्ट्र-कर्नाटकाचा सीमाभाग म्हणतो तेथील निरीक्षणांवरून बनविले, आणि पाणलोट चांगला, मध्यम की वाईट हे ठरवून मगच त्यातील स्तंभ निवडावा असे त्याचे बंधन होते. ते कोष्टक आपल्या लघुपाटबंधाऱ्यांच्या अंदाजपत्रकांत आजतागायत नांदते आहे. कोष्टक टिकले, ते कोणत्या भूमीवर, कोणत्या अटींवर बेतले होते ही टीप मात्र पिढ्यांमागून पिढ्या नकलून घेताना गळत गेली, आणि ज्या पाणलोटात झाडे वाढून तीस वर्षे झाली त्यासही जुनाच स्तंभ बिनदिक्कत लावला जाऊ शकतो. आता हेच कोष्टक एखाद्या आज्ञावलीच्या पोटात शिरले की ते डोळ्यांना दिसणारही नाही.

यावर असे म्हटले जाते की, जाणकारांनी मूळ आज्ञावलीच वाचावी, ती उघडी आहे. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. आज्ञावली काय करते ते तीत दिसते, काय करावयाचे होते ते दिसत नाही. नमपायच्या आरंभकाळी त्याचे कर्ते ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक मूल्य देऊन घ्यावे लागे, आणि पुढे ते मोफत झाले तरी आज्ञेगणिक विवरणाची वानवा होतीच. फ्लॉरिडातील एक खगोलशास्त्रज्ञ, जो हॅरिंग्टन, आपल्या विद्यार्थ्यांना हे संच शिकवू लागले तेव्हा विद्यार्थी जागोजागी अडखळले. त्यांनी हातावर हात धरून न बसता 2008 साली पदरचा मनुष्य नेमून जगभरच्या स्वयंसेवकांकडून एकेका आज्ञेचे विवरण लिहवून घेतले, त्याचा ठरावीक मसुदा झाला, आणि शेवटी चालवून पाहता येईल असे उदाहरण असावे हा दंडक पडला. गणित रचणाऱ्यांनी न केलेले काम शिकविणाऱ्याने, पैसा खर्चून केले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि पैशाचा विचार आपल्याकडे तरी अपरिचित का असावा? भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणी रचला आणि त्यावर वासनाभाष्य स्वतःच लिहिले, म्हणजे सूत्र देऊन ते थांबले नाहीत, उपपत्तीही दिली. पुढे 1207 साली त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावनजीक पाटणे येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, आणि त्या मठास यादवांच्या मांडलिकाने दिलेल्या उत्पन्नाची बारीकसारीक नोंद डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या शिलालेखात कोरलेली आहे. ग्रंथ समजावून सांगणाऱ्याचा चरितार्थ चालला पाहिजे, ही गोष्ट यादवकालीन मांडलिकास उमगली होती. आमच्या निविदांत मात्र प्रणाली उभारणीस लाखांची रक्कम असते आणि तिच्या विवरणास शेवटच्या पानावरील एक ओळ, जिची पूर्तता बहुधा पडद्यांची छायाचित्रे चिकटवून केली जाते.

ते विवरण मराठीत असावे, ही मागणी भाषाभिमानाची नव्हे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने पायथन, सायलॅब इत्यादी संगणकीय साधनांचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत देऊन हे काम शक्य आहे हे केव्हाच सिद्ध केले आहे. तेथीलच फॉसी प्रकल्पाने विद्यार्थ्यांकडून पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबमध्ये करवून घेतली, ती तर नमुना म्हणून घेण्यासारखी आहेत. माझी अपेक्षा याहून माफक आहे. गावाच्या पाण्याचा हिशेब करणारी जी कोणती प्रणाली शासन विकत घेईल किंवा बनवून घेईल, तिच्यासोबत एक मराठी पुस्तिका असावी. तीत नोंदीचा दिवस साडेआठपासून साडेआठपर्यंत धरला आहे की मध्यरात्रीपासून, कोऱ्या रकान्याचे काय केले, ओढ्याच्या पाण्याचे गुणक कोठून घेतले, हे स्वच्छ लिहिलेले असावे. आणि एका खऱ्या गावाचा, एका खऱ्या वर्षाचा हिशेब आरंभापासून अखेरपर्यंत हाताने करून दाखविलेला असावा, म्हणजे ग्रामसेवकास किंवा बारावी झालेल्या एखाद्या मुलीस यंत्राच्या उत्तराची कागदावर रुजवात घालता येईल. पुस्तिका तपासून स्वीकारल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये, एवढी अट घालावयास नवा कायदा लागत नाही. खरेदीचा मसुदा करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याने ती ओळ लिहावी आणि वरच्यांनी ती खोडू नये, इतकेच लागते.