दुरुस्ती की विक्री?

बेंगळुरूच्या पूर्वेला देवनगोंथी नावाचे एक लहान स्टेशन आहे. आमच्या रेल्वे बंधूंना ते तेलाच्या डेपोंमुळे माहीत आहे. २००३ साली मंगळूर–हासन–बेंगळुरू ही सुमारे ३६२ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली आणि पेट्रोल-डिझेल घाट चढून नळातून येऊ लागले. तेल कंपनीचा खर्च वाचला, पण रेल्वेला मिळू शकणारी मालवाहतूक नळाकडे गेली. तेव्हा तेल कंपनीत काय चालले आहे हा आपला प्रश्न नाही, असे रेल्वे कामगाराला म्हणता येणार नाही. टपाल कामगारालाही ते का म्हणता येणार नाही, ते पुढे येईलच.

या पाइपलाइनमधील एक भागीदार हिंदुस्थान पेट्रोलियम. एस्सो ही परदेशी कंपनी १९७४ साली संसदेच्या कायद्याने राष्ट्राच्या मालकीची झाली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. पुढे कॅल्टेक्सही तिच्यात आली. मुंबईत माहूलला आणि विशाखापट्टणमला तिचे स्वतःचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. देशभर तिचे वीस हजारांहून अधिक पंप आहेत.

सार्वजनिक उद्योगाची बाजू घ्यायची म्हणजे त्याचे दोष झाकायचे, असे आम्ही मानत नाही. ही कंपनी जेवढे तेल विकते त्याच्या सुमारे निम्मेच स्वतः शुद्ध करते, बाकीचे दुसऱ्यांकडून घेते. कच्चे तेल तर बहुतांशी परदेशी. राजस्थानातील बाडमेर प्रकल्पाचा ४३,१२९ कोटींचा अंदाज रखडत रखडत ७२,९३७ कोटींवर गेला. सुरक्षेचा हिशेब तर रक्ताचा आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्यातील आगीत पन्नासहून अधिक माणसे गेली.

पण काही दुबळेपणा वरून लादलेला आहे. २०२२ साली कच्च्या तेलाचे भाव भडकले, तरी पंपावरील दर गोठवून ठेवण्यात आले. परिणामी २०२२-२३ मध्ये कंपनीला ८,९७४ कोटींचा तोटा झाला. पुढच्याच वर्षी कच्चे तेल उतरले आणि नफा झाला १४,६९४ कोटींचा. कामगार तेच, यंत्रेही तीच! मग तोटा कोणाच्या अकार्यक्षमतेचा? टपाल बंधूंना हे नवे नाही. पोस्टकार्ड वर्षानुवर्षे पन्नास पैशांना विकायला लावायचे आणि मग खाते तोट्यात म्हणून बोट पोस्टमनकडे दाखवायचे, हीच ती रीत.

जानेवारी २०१८ मध्ये सरकारने या कंपनीतील आपला ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना ओएनजीसीला विकला. एका सरकारी खिशातून दुसऱ्यात पैसे गेले, त्यासाठी ओएनजीसीला कर्ज काढावे लागले, आणि माहूलच्या कारखान्याला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही. तूट भरून निघाली ती फक्त सरकारच्या अंदाजपत्रकातली.

वाढीच्या वाटा नाहीत असे नाही. कंपनीचे संशोधन केंद्र देवनगोंथीलाच आहे. शुद्धीकरणासाठी लागणारे उत्प्रेरक आणि तंत्र देशातच तयार झाले, तर परदेशी परवान्यांचा पैसा वाचेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूलाच वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली. हे इथेनॉल साखर कारखान्यांतून आणि धान्यावरील प्रकल्पांतून डेपोपर्यंत न्यावे लागते. त्यातली लांब पल्ल्याची वाहतूक रेल्वेने का मागू नये? रुळांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाल्याने रेल्वे हे डिझेलचे मोठे गिऱ्हाईक हातचे जात आहे. मोटारीही हळूहळू विजेवर जातील. म्हणून पंपावर चार्जिंग आणि कारखान्यात पेट्रोरसायने, याकडे कंपनीला आजच वळले पाहिजे.

यासाठी भांडवल लागते, तसेच कायम आणि प्रशिक्षित कामगार लागतात. धोक्याची कामे कंत्राटी हातांवर सोपवून ही वाढ होणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २००३ रोजी निकाल दिला की कायद्याने घेतलेल्या हिंदुस्थान व भारत पेट्रोलियम या कंपन्या संसदेला विचारल्याशिवाय खाजगी हाती देता येणार नाहीत. पण बर्मा शेलच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा २०१६ साली कालबाह्य कायद्यांच्या गठ्ठ्यात घालून रद्द झाला, आणि २०१९ मध्ये भारत पेट्रोलियम विक्रीस निघाली. मे २०२२ मध्ये ती विक्री मागे घ्यावी लागली, कारण मैदानात एकच गिऱ्हाईक उरले होते. गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून घर वाचले, यात समाधान मानणे घातक आहे.

आमची मागणी साधी आहे. दर गोठवायचे असतील तर त्याची भरपाई त्याच वर्षी द्या. नफा कारखान्यात आणि सुरक्षेत गुंतवा. कामगार प्रतिनिधींना गुंतवणुकीच्या निर्णयात बसवा. घर गळते म्हणून कोणी ते विकत नाही, आधी कौले शाकारतो. ती शाकारणी कशी करायची हे सांगण्याची तयारी आपण, म्हणजे तेल, रेल्वे आणि टपाल कामगारांनी, एकत्र बसून केली पाहिजे.