घरसंसार : बाळाचा सव्वा महिना



कापसाची वेचणी जोरात आहे, हरभरा वर आला आहे आणि पहाटेची थंडी अंगाला झोंबू लागली आहे. शेतकऱ्याच्या घरात या दिवसांत कोणालाच उसंत नसते. कर्ता माणूस रानात, सासूबाई वेचणीला, शाळकरी पोरे शाळेत. घरी राहतात ती बाळंतीण आणि तिचे तान्हे. अशाच घरांसाठी आजचे हे चार शब्द.

आपल्या वाडवडिलांनी बाळंतिणीला सव्वा महिना घालून दिला. घराबाहेर पडायचे नाही, जड काम करायचे नाही, बाळाला चारचौघांत न्यायचे नाही. या रिवाजात मोठे शहाणपण आहे. वर्षाच्या आत जी बालके दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक पहिल्या २८ दिवसांतच जातात, आणि त्यांतही पहिला आठवडा सर्वांत नाजूक असतो. सरकारच्या नियमाप्रमाणे आशाताई बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही येते. म्हणजे आजीचा सव्वा महिना आणि आशाताईचे ४२ दिवस जवळजवळ एकच झाले. मुदत बरोबर आहे. या मुदतीत आपण काय करतो आणि काय करू नये, तेवढे नीट पाहायचे.

या भेटींची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. १९९५ पासून या बाया घरोघर जाऊन बाळाचे वजन करू लागल्या, श्वास मोजू लागल्या, आजार ओळखून औषध देऊ लागल्या. आधी तिथे जन्मलेल्या हजार बाळांमागे सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात. तीन वर्षांत हा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभर आशाताईंकडे हे काम आले. तिथे मोठे इस्पितळ बांधलेले नव्हते. वेळेवर पाहणारे डोळे आणि शिकलेले हात होते. ते आपल्याही घरात असू शकतात.

ऊब

आईच्या पोटातली ऊब सोडून बाळ बाहेर येते, आणि त्याला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. जन्मल्याबरोबर त्याला कोरडे पुसावे, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि वरून पांघरूण घालावे. अंघोळीची घाई नको. निदान पहिला दिवस तरी अंघोळ नको. बाळ अडीच किलोच्या आत असेल तर डॉक्टर किंवा आशाताई सांगेपर्यंत ओल्या फडक्याने पुसणेच बरे. डोक्याला टोपडे, पायांत मोजे घालावेत.

बाळ गार पडले का, हे कळायला यंत्र लागत नाही. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही कोमट लागले तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर ते दुखणे समजा. लहान, कमी वजनाच्या बाळाला दिवसातून जितके जास्त तास छातीला छाती लावून धराल तितके चांगले. आई दमली तर बापाने धरावे, आजीने धरावे. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून धुरी करू नका. त्या धुराने बाळाचा श्वास कोंडतो, आणि दार-खिडकी लावून ठेवलेल्या शेगडीच्या विषारी वायूने आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या घरात बाळाला कुंची आणि दोन-दोन दुपट्यांत गुंडाळू नका, त्यानेही अंग तापते. तेव्हा सुती झबले आणि सावलीची हवा पुरे.

चीक

गाय व्याली की जाणता शेतकरी वासराला आधी चीक पाजतो. चीक चुकला तर वासरू धरत नाही, हे त्याला ठाऊक असते. मग घरच्या लेकराचाच चीक पिळून का टाकावा? आईचे पहिले पिवळे, दाट दूध थोडेच असते, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. आजारांशी झगडण्याची ताकद त्यातच असते. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्या. शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले तरी आई सावध होताच पाजता येते.

'दूध तिसऱ्या दिवशी उतरते, तोवर मध चाटवू, साखरेचे पाणी देऊ' असे म्हणू नका. बाळ चोखते म्हणूनच दूध उतरते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. गुटी नको, मध नको, गाईचे दूध नको, आणि भर उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको. आईच्या दुधात पाणी पुरेसे असते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र चुकवू नका. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. आठवडा उलटल्यावर बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल तर दूध पुरते आहे असे समजा. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, त्याला घाबरू नका. दोन आठवड्यांत ते भरून आले पाहिजे.

दूध बाळाला मिळायचे तर आईला पोटभर जेवण हवे. वरण, भाकरी, पालेभाजी, अंडी, शेंगदाणे, जे घरात आहे ते सगळे तिला द्या. सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले नको.

नाळ, डोळे, टाळू

नाळेला काही लावू नका. हळद, तेल, राख, शेण काहीच नको. कोरडी ठेवली की ती पाच-दहा दिवसांत आपोआप गळते. डोळ्यांत काजळ घालू नका. कानात-नाकात तेल सोडू नका. तान्ह्याची छाती कधीकधी सुजल्यासारखी दिसते, ती पिळू नका, आपोआप ओसरते. पोट उडते, 'डबा झाला' म्हणून पोटावर बिब्बा किंवा चटका देऊ नका. भाजलेली जखम वाढते आणि दवाखान्यात न्यायची वेळ टळून जाते. आणि बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. रानातून फवारणी करून आलेल्याने तर अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे.

उद्यावर ढकलू नका

सगळ्यांत महत्त्वाचे आता सांगते. मोठे माणूस आजारी पडले की कण्हते, सांगते. तान्हे बाळ गप्प होते. बरे नसलेले बाळ पुष्कळदा शांत निजलेले दिसते, आणि घरचे म्हणतात, 'किती गुणी आहे, रडत नाही.' म्हणून पुढच्या खुणा लिहून भिंतीला लावा :

१. बाळ दूध ओढत नाही किंवा ओढणे एकदम कमी झाले.
२. रडणे क्षीण झाले, हातपाय सैल पडले, उठवूनही नीट जागे होत नाही.
३. पोट आणि पाय दोन्ही गार लागतात, किंवा अंग तापले आहे.
४. शांत असताना मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
५. पहिल्याच दिवशी अंग पिवळे, किंवा नंतर तळहात-तळपायापर्यंत पिवळे.
६. बेंबीतून पू, भोवतीची कातडी लाल.
७. झटके येणे, ओठ निळे पडणे.

यातली एक जरी खूण दिसली तरी निघायचे. वेचणीचा दिवस बुडेल, मजूर परत जातील, रात्र झाली आहे, सव्वा महिना पुरा झालेला नाही, यातले कोणतेही कारण चालायचे नाही. सव्वा महिना घरात राहण्याचा नेम बाळाला जपण्यासाठी आहे, दवाखान्यापासून अडवण्यासाठी नव्हे. मुलगी झाली असेल तरी गाडी तितक्याच घाईने निघाली पाहिजे. १०८ किंवा १०२ वर फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून पुढे जालन्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयात पाठवले तर तसेच जा. २०११ पासूनच्या योजनेप्रमाणे आजारी तान्ह्या बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषध आणि ने-आण मोफत आहे. वाटेत बाळ छातीशी धरा आणि ओढत असेल तर पाजत राहा.

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि पहिल्या चोवीस तासांत कावीळ ब ची लस मिळाली का, ते कार्डावर पाहा. पुढच्या लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी असतात.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातल्या ज्या घरांच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, त्यांच्याशी वेगळे बोलायचे आहे. शक्य असेल तर या मुदतीत बाळंतीण मागे राहू द्या. जावेच लागले तर बाळाचे कार्ड बरोबर न्या. त्यावर कोणत्याही गावात लस मिळते. फडावर पोचल्याबरोबर तिथल्या आशाताईला बाळ दाखवा, आणि कोपीत चुलीच्या धुरापासून त्याला दूर निजवा.

सासूबाई, शेवटचा शब्द तुम्हाला. घरात तुमचे चालते. नव्या सुनेला बाळ मलूल दिसले तरी बोलायला तिची जीभ रेटत नाही. तिने 'आज बाळ नीट पीत नाही' असे म्हटले, तर 'उद्या बघू' म्हणू नका. उठा, बाळाच्या पोटापायाला हात लावा, श्वास मोजा, आणि वेळ आली तर गाडीत पहिल्यांदा तुम्हीच बसा.