आधी प्लग दाखवा!

इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, असं विचारत येणाऱ्याला मी उलट एकच प्रश्न टाकतो: रात्री ती लावणार कुठे? यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. रेंज पाठ असते, टचस्क्रीन किती इंचांचा ते पाठ असतं, सनरूफचा रंगसुद्धा ठरलेला असतो. पण आपल्या पार्किंगच्या जागेजवळ सोळा अँपिअरचा सॉकेट आहे का, असलाच तर तो कुणाच्या मीटरवर आहे आणि त्याला धड अर्थिंग आहे का, याचा पत्ता नसतो. शोरूममधला टायवाला मुलगाही हे विचारत नाही. त्याला टार्गेट गाड्यांचं आहे, प्लगचं नाही.

मी स्वतः इलेक्ट्रिक गाडी चालवतो आणि मजेत चालवतो, तेव्हा मला पेट्रोल पंपाचा दलाल ठरवण्याची घाई करू नका. माझं भांडण गाडीशी नाही. ती विकताना जी अर्धी गोष्ट सांगितली जाते आणि उरलेली अर्धी सोयीस्कर गिळली जाते, तिच्याशी आहे.

रेंजचंच घ्या. गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आमच्या पुण्यातली. वेताळ टेकडीला अर्धं पुणं तिच्याच नावाने ओळखतं. पण रेंजची चाचणी टेकडी चढून होत नाही. गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तुम्ही मे महिन्यात चार माणसं, त्यांच्या बॅगा आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन, एसी फुल ठेवून, द्रुतगती मार्गावर शंभरने निघता. मग जाहिरातीतला आकडा कसा मिळायचा? त्यातला तिसरा हिस्सा मुकाट वजा करा आणि उरेल त्यावर प्रवास आखा. त्यातही पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरणीचा, ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परत येते आणि माणूस खुशीत असतो. येताना तोच घाट चढायचा असतो. खोपोली सोडल्यावर टक्केवारी कशी घसरते ते बघत बसलेल्या माणसाशी बायकोनेही बोलू नये.

आता पैसे. ‘रुपया-दीड रुपयात किलोमीटर’ हे खरं आहे, पण ते घरच्या विजेवर, आणि तेही स्लॅब न ओलांडता. कार महिन्याला हजार किलोमीटर चालली तर साधारण दीडशे युनिट खाते. ज्या घरात आधीच दोनशे युनिट जळतात, ते घर या दीडशेमुळे तीनशेचा उंबरठा ओलांडतं. त्यापुढच्या युनिटला महावितरण काय दराने कापतं, ते उन्हाळ्यात एसी लावणाऱ्याला विचारा. यावर उपाय आहे. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून गाडीसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय केली. वेगळा मीटर, वेगळा दर. हे विक्रेत्याने कधी सांगितलं? स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळते, हेही छानच. त्या वेळेत तुमची गाडी हिंजवडीत उभी असते.

आणि घरचा प्लगच नसेल तर? बाहेर फास्ट चार्जरवर युनिटला वीस-बावीस रुपये सहज पडतात, वर १८ टक्के जीएसटी. हिशेब करा, किलोमीटरला चारेक रुपये होतात, म्हणजे सीएनजीच्या बरोबरी. मग सीएनजीवाल्यापेक्षा तीन-चार लाख जास्त मोजून तुम्ही काय मिळवलंत? हिरवी नंबर प्लेट.

सवलतींचीही अशीच गंमत. अजूनही शोरूममध्ये कुणीतरी ‘टॅक्समध्ये दीड लाख वाचतात सर’ म्हणतो. कलम ८०ईईबीची ती वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती. तारीख उलटून गेली, वाक्य मात्र तोंडातच राहिलं. केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेचं अनुदानही खासगी कारला कधी नव्हतंच. ते होतं दुचाकी, तीनचाकी, बस आणि व्यावसायिक गाड्यांना. दुचाकीवाल्या काही कंपन्यांनी तिथेही हुशारी केली. चार्जरचे पैसे वेगळे लावून स्कूटरची किंमत अनुदानाच्या मर्यादेत बसवली आणि पकडल्या गेल्यावर २०२३ मध्ये ग्राहकांना ते परत करावे लागले. तेव्हा ‘सबसिडी धरून’ सांगितलेली किंमत ऐकू नका. आज, या तारखेला, ऑन-रोड किती, ते कोटेशनवर लिहून घ्या.

पण या सगळ्याचा बाप म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत चार्जिंग पॉइंटचा विषय मांडला तेव्हा आधी एक दीर्घ शांतता पसरली. मग सेक्रेटरी म्हणाले, “आग लागली तर जबाबदारी कुणाची?” ज्यांच्या बाल्कनीत दोन भरलेले सिलिंडर उभे आहेत, त्यांनी हे विचारलं. दुसऱ्याने लिफ्टच्या लोडचा मुद्दा काढला. तिसरा म्हणाला, “आज तुम्हाला दिलं, उद्या सगळेच मागतील.” मागतीलच! त्यासाठीच तर सरकार जाहिराती करतंय. चेअरमननी समारोप केला, “हे नियमात बसत नाही.” कुठल्या नियमात, असं विचारल्यावर म्हणाले, “तुम्ही अर्ज द्या, कमिटी बघेल.”

कमिटी वाईट असते असं नाही, ती घाबरलेली असते, आणि तिला घाबरायला थोडंफार कारणही आहे. जुन्या इमारतीचा मंजूर भार पंखे, फ्रिज आणि लिफ्ट धरून घेतलेला असतो. गिझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढाच करंट सलग आठ-दहा तास ओढते. वायरमनने घरातली उरलेली वायर वापरून पार्किंगमध्ये स्वस्तात सॉकेट लावला की पंधरवड्यात त्याचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास. मीटर रूमपासून तुमच्या जागेपर्यंत योग्य जाडीची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि खरी अर्थिंग, एवढं लागतं. अर्थिंग कच्ची असेल तर कित्येक गाड्या चार्जच होत नाहीत, लाल दिवा दाखवून गप्प बसतात. आणि बिल्डरने तुम्हाला पझल पार्किंगमधला वरचा पाळणा दिला असेल तर तिथे प्लग न्यायचा कसा, याचं उत्तर त्याच्या ब्रोशरमध्ये नाही.

हायवेवरची गोष्ट वेगळी नाही. ॲपमध्ये हिरवा ठिपका, ‘उपलब्ध’. प्रत्यक्षात हॉटेलच्या मागे, जनरेटरशेजारी, दोन गनचं मशीन. एका गनला सुतळी गुंडाळलेली, दुसरीसमोर डिझेलची गाडी लावून मालक मिसळ खायला गेलेला. तो आला, गाडी हलली, तर ॲप म्हणतं आधी वॉलेटमध्ये पैसे भरा. भरले, तर ओटीपी येत नाही, कारण रेंज नाही. मोबाईलची. वॉचमन लांबून बघत असतो. शेवटी जवळ येऊन सांगतो, “साहेब, कालपासून बंदच आहे ते.” यावर इलेक्ट्रिक भक्तांचं उत्तर तयार असतं: नियोजन करा, प्लॅन बी ठेवा, तीन ॲप ठेवा. अहो, पेट्रोलवाल्याला सोलापूरला जाताना प्लॅन बी लागत नाही!

स्वस्तातल्या स्कूटरबद्दल तर तोंड उघडू नये, पण उघडावं लागतं. ‘लायसन्स नको, पासिंग नको’ ही पाटी कायद्याने फक्त २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला लागू आहे. दुकानदार ती विकतो आणि आतली वायर तोडून ती पंचेचाळीसने पळवून दाखवतो. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्या पकडण्याची मोहीमच काढली होती. अपघात झाला तर विमा शून्य, आणि गुन्हा तुमच्या नावावर. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे नियम कडक झाले. तुमच्या स्कूटरची बॅटरी त्या नियमांत उत्तीर्ण आहे का, हे विचारायला लाजू नका. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे साहेब’ म्हणून विषय बदलू लागला तर दुकान बदला.

वॉरंटीचा कागदही वाचा. कारच्या बॅटरीला बहुधा आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असतात. स्कूटरला अनेकदा तीनच वर्षं, पुढची हवी असल्यास वेगळे पैसे. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की बदलून देणार, हे बारीक अक्षरात असतं. तेच मोठ्याने वाचून घ्या.

मग ही गाडी कुणाची? ज्याच्याकडे बंगला आहे, अंगणात पोर्च आहे आणि घरावर सोलर आहे, त्याची. त्याला सगळं फुकट मिळाल्यासारखं आहे. रोड टॅक्स माफ, जीएसटी ५ टक्के, आणि राज्याच्या २०२५च्या धोरणात अटल सेतूवर, द्रुतगती मार्गावर टोलमाफी. दिवसाला शंभर किलोमीटर पळणारा डिलिव्हरीवाला पोरगा मात्र चाळीच्या चौथ्या मजल्यावरून वायर सोडतो, नाहीतर बॅटरी खांद्यावर घेऊन जिना चढतो. खरी बचत त्याची व्हायला हवी होती. पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत. ते हॉटेलांच्या मागच्या अंगणात बंद मशीन उभी करण्यात घालवण्यापेक्षा चाळींच्या तोंडाशी, गल्लीतल्या विजेच्या खांबांवर आणि जुन्या सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये घाला. आणि आमच्या चेअरमनना वेगळ्या जोडणीचा तो नियम एकदा लेखी पाठवा, कारण माझा अर्ज कमिटी अजून बघतेच आहे.