उधारीचे विजय

कोल्हापूरला फुटबॉल हा परका खेळ राहिलेला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला म्हणजे पेठापेठांतील व्यवहार मंदावतात, आणि विश्वचषकाच्या दिवसांत चौकाचौकांत परदेशी खेळाडूंच्या उंच प्रतिमा उभ्या राहतात. ज्या बार्सिलोनाचा निळा-तांबडा सदरा घालून आमच्या शहरातील मुले अभिमानाने मिरवतात, त्या संस्थेच्या जमाखर्चाविषयी मात्र त्यांना कोणी चार शब्द सांगत नाही. क्रीडापृष्ठावर गोल मोजले जातात. कर्ज मोजण्याची प्रथा तेथे नाही. म्हणूनच हा विषय आज आम्ही येथे, पहिल्या पानावर, घेत आहोत.

१६ ऑगस्ट २०२१ रोजी बार्सिलोनाचे अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनी पत्रकारांपुढे संस्थेचे हिशेब मांडले. कर्ज १३५ कोटी युरो. देणी मालमत्तेपेक्षा ४५ कोटी युरोंनी अधिक. आणि खेळाडूंच्या वेतनाचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के! त्याच्या अकराच दिवस आधी लिओनेल मेस्सी हा, तेराव्या वर्षी या संस्थेत आलेला आणि तिच्या नावाशी एकरूप झालेला खेळाडू, तिला सोडून जाणार हे जाहीर झाले होते. आपण निम्म्या वेतनावर राहण्यास तयार होतो, असे त्याने निरोप घेताना सांगितले. तरीही स्पॅनिश लीगच्या वेतनमर्यादेत त्याला बसविणे संस्थेला साधले नाही. ज्याच्या पायांनी वैभव आणले, त्यालाच ठेवून घेण्याची ऐपत वैभवशाली घराला उरली नाही, याहून विदारक ताळेबंद दुसरा कोणता असू शकेल?

महामारीमुळे प्रेक्षागृहे ओस पडली आणि उत्पन्न आटले, असे समर्थन यावर केले जाते. त्यात तथ्यांश आहे. परंतु संपूर्ण तथ्य नाही. महामारीपूर्वी, २०२० च्या आरंभी, डेलॉइट या हिशेबतपासनीस संस्थेने जगातील क्लबांची उत्पन्नानुसार यादी प्रसिद्ध केली, तेव्हा बार्सिलोनाचे नाव पहिले होते; उत्पन्न ८४ कोटी युरो. म्हणजे दारिद्र्याने ही संस्था बुडाली नाही. श्रीमंतीचा दिमाख टिकविण्याच्या हौसेने ती बुडत चालली होती. २०१७ मध्ये नेमार पॅरिसला गेला, तेव्हा तिच्या पदरात २२ कोटी २० लाख युरो पडले. ही रक्कम संकटकाळासाठी राखून ठेवण्याऐवजी तिने पुढील दोन वर्षांत डेंबेले, कुटिन्हो आणि ग्रीझमन यांच्यावर प्रत्येकी दहा कोटींहून अधिक युरो उधळले. लॉटरी लागलेल्या माणसाने तिच्या भरवशावर आणखी तीन घरे हप्त्याने घ्यावीत, तशातलाच हा प्रकार झाला.

या धंद्यातील हिशेबाची एक खुबी वाचकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. खेळाडू विकत घेतला तर त्याची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून खर्ची पडते. विकला तर होणारा नफा मात्र एकदम त्याच वर्षी जमेस धरता येतो. २०२० मध्ये बार्सिलोनाने आर्थर हा खेळाडू इटलीच्या युव्हेंटसला ७ कोटी २० लाख युरोंना दिला आणि त्याच वेळी त्यांचा प्यानिच ६ कोटी युरोंना घेतला. प्रत्यक्षात हातातून हातात गेली ती केवळ वरची रक्कम. वहीत मात्र दोघांचेही वर्ष साजरे झाले. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या म्हशी एकमेकांना चढ्या भावाने विकाव्यात आणि दोघांनीही नफा झाला म्हणून पेढे वाटावेत. दूध मात्र तेवढेच! खेळाडूंच्या किमतींतून दाखविलेल्या पुस्तकी नफ्याच्या प्रकरणात पुढे, २०२३ मध्ये, युव्हेंटसचे दहा गुण कापले गेले. वहीतील नफ्याने वेतन भागत नाही, हा धडा त्यातून साऱ्यांनीच घ्यावयास हवा होता.

यानंतर बार्सिलोनाने काय केले? काटकसरीचा कडू काढा थोडाच घेतला. मुख्य उपाय केला तो भविष्य विकण्याचा. जून २०२२ मध्ये सभासद-प्रतिनिधींच्या सभेने मोठ्या बहुमताने संमती दिली आणि त्या उन्हाळ्यात स्पॅनिश लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांतील आपल्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा तब्बल पंचवीस वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकन गुंतवणूक संस्थेला विकण्यात आला. पहिल्या दहा टक्क्यांचे २० कोटी ७५ लाख युरो आले. उरलेल्या पंधरा टक्क्यांचे नंतर. आलेल्या पैशाच्या बळावर त्याच उन्हाळ्यात नवे खेळाडू आले. आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे. वर्गातील मुलाला आम्ही विचारले असते, की एका शेतकऱ्याने पंचवीस वर्षांच्या पिकाचा चौथा हिस्सा आज विकला आणि त्या पैशात यंदाची जत्रा केली, तर सव्विसाव्या वर्षी त्याच्याजवळ काय असेल? मुलाने उत्तर दिले असते, की जत्रेची आठवण असेल.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की हा संघ मोडला नाही. उलट २०२३ आणि २०२५ मध्ये त्याने लीगचे अजिंक्यपद मिळविले. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मैदानाच्या नूतनीकरणासाठी २०२३ मध्ये उभारलेल्या १४५ कोटी युरोंच्या कर्जाविषयीही आम्ही सरसकट दोष देणार नाही. ज्या कर्जातून उत्पन्न देणारी वास्तू उभी राहते, ते कर्ज आणि ज्या कर्जातून सेंटर फॉरवर्डचा पगार निघतो, ते कर्ज, यांत भेद केलाच पाहिजे. परंतु २०२२ मध्ये जन्मलेले बार्सिलोनातील मूल पंचवीस वर्षांचे होईपर्यंत त्याच्या क्लबच्या उत्पन्नातील तो हिस्सा दुसऱ्याच्या घरी जात राहील. त्या मुलाला कोणी विचारले होते? विजयाचा चषक एका पिढीने उंचवावा आणि त्याचे हप्ते दुसरीने फेडावेत, हा न्याय नव्हे.

आम्हांला या प्रकरणात सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की बार्सिलोना ही कोणा धनिकाची खासगी पेढी नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेली ती सभासदांची संस्था आहे. सभासद मतदान करतात, अध्यक्ष निवडतात, वार्षिक हिशेब मंजूर करतात. सहकाराच्या या भूमीत आम्ही हे चित्र चांगले ओळखतो. निवडणूक जिंकण्यासाठी मोठे नाव आणण्याचे वचन द्यावयाचे, ते उधारीने पाळावयाचे, सभेत टाळ्यांच्या गजरात ठराव संमत करून घ्यावयाचे, आणि देणे पुढच्या अध्यक्षाच्या गळ्यात टाकून मोकळे व्हावयाचे! मालकी सर्वांची असते तेव्हा जबाबदारी कोणाचीच नसते, हा धोका साखर कारखान्यात आहे तसाच फुटबॉल क्लबातही आहे. स्पेनच्या कायद्यात यावर एक औषध होते. अशा संस्थांच्या संचालकांना पदग्रहणापूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर बँकेची हमी द्यावी लागे. २०२१ मध्ये लापोर्ता यांच्या मंडळाला सुमारे साडेबारा कोटी युरोंची हमी द्यावी लागली होती. पुढे ती अटच कायद्यातून गेली. रोग बळावला असता औषध थांबविण्याची ही तऱ्हा आम्हांला तरी उमगलेली नाही.

मग क्लब धनवंताच्या हाती सोपवावा काय? इंग्लंडचा अनुभव तसे सांगत नाही. मँचेस्टर युनायटेडवर २००५ पूर्वी कर्जाचा बोजा नव्हता. ग्लेझर कुटुंबाने तो क्लब विकत घेतला तेव्हा त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबाच्याच माथी बसला. विकत घेणाऱ्याचे ऋण विकल्या गेलेल्याने फेडावे, असा हा विपरीत व्यवहार! ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ मधील जुना क्लब २०१० पासून आमच्याच पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाकडे आहे. मालकांनी त्यात पैसा घातला, हे मान्य केले पाहिजे. परंतु भारतातून निधी पाठविण्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी मागण्याचा प्रसंग अलीकडे आला, तेव्हा लँकेशायरमधील गावाचा क्लब किती दूरच्या दोरीवर लोंबकळत आहे, हे दिसून आले. आणि बरी या गावाच्या क्लबाचे काय झाले? १८८५ मध्ये जन्मलेला, १९०० आणि १९०३ मध्ये एफ. ए. कप जिंकलेला तो क्लब आर्थिक दुरवस्थेपायी ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकण्यात आला. बड्यांचे कर्ज बातमी होते; लहानांचे कर्ज त्यांचा जीव घेते.

तात्पर्य, प्रश्न मालक कोण हा नसून मालकावर अंकुश कोणाचा, हा आहे. जर्मनीत बहुसंख्य मते सभासदांच्या मूळ संस्थेकडे राखण्याचा नियम सर्वसाधारणपणे पाळला जातो, आणि शिवाय प्रत्येक हंगामापूर्वी हिशेब तपासूनच खेळण्याचा परवाना मिळतो. मालकी आणि तपासणी यांची ही जोडी आम्हांला महत्त्वाची वाटते. युरोपीय महासंघाने खेळाडूंवरील खर्चाला उत्पन्नाच्या ७० टक्क्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने घातली आहे. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र नियामक नेमण्याचा मार्ग पत्करला. ही पावले स्वागतार्ह आहेत. त्यांत आम्ही दोनच गोष्टींची भर सुचवू. एक, कोणत्याही संचालक मंडळाने आपल्या मुदतीपलीकडील उत्पन्न चालू खर्चासाठी विकू नये. दुसरी, निवडून आलेल्या मंडळाची वैयक्तिक हमी पुन्हा सुरू व्हावी. खिशाला चटका बसण्याची शक्यता असली म्हणजे सही करणारा हात क्षणभर थबकतो.

आमच्या शहरातील तालमी वर्गणीवर आणि पेठेच्या प्रेमावर उभ्या आहेत. त्यांचे आकडे लहान आहेत. परंतु मोह मोठ्यांसारखाच आहे. बाहेरचा नावाजलेला खेळाडू आणावा, एक चषक जिंकावा आणि देण्याचे पुढच्या वर्षी पाहावे, हा विचार बार्सिलोनाच्या सभागृहात जसा गोड वाटला तसाच तो आमच्या कट्ट्यावरही वाटू शकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण जुनी झाली असेल. पण तिच्याकडे पाठ फिरविणाऱ्यांचे अंथरूणच शेवटी विकले जाते, हे वर सांगितलेल्या उदाहरणांवरून दिसते. तेव्हा सभासद कोणत्याही संस्थेचा असो, क्लबाचा, तालमीचा की कारखान्याचा, आमची त्याला एवढीच विनंती आहे, की टाळी वाजविण्यापूर्वी त्याने ताळेबंद वाचावा.