रुळांखालची खडी

परवा तासभर धो-धो पाऊस पडला. थांबल्याबरोबर मी बागेत गेलो आणि रुळांपाशी वाकून पाहिलं. पाणी कुठेही साचलेलं नव्हतं. फार बरं वाटलं.

फरिदाबादच्या आमच्या घरामागे चौदा मीटरची छोटी रेल्वे आहे. दोन रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. जर्मनीच्या एलजीबीने १९६८ साली बागेतल्या गाड्यांसाठी हेच माप घेतलं. मीटरगेज साडेबावीस पटीने लहान केला की जवळपास तेवढाच भरतो. सुरुवातीला माझं सगळं लक्ष इंजिन-डब्यांकडे. खाली प्लायची पट्टी टाकली आणि दोन पावसाळ्यांत वाळवीने तिचा भुगा केला. मग सिमेंटचा पट्टा ओतला. इथली माती पावसात ढिली होते, मेमध्ये भेगाळते. पट्ट्याला तीन ठिकाणी तडे गेले, वळणावर बाहेरचा रूळ बोटभर खचला आणि गाडी नेमकी तिथेच, नातवाच्या डोळ्यांदेखत कलंडू लागली.

या उन्हाळ्यात सगळं उखडलं. गल्लीतला म्हातारा मिस्त्री ती जागा बघून एवढंच म्हणाला, "पानी को रास्ता दो, साहब." त्याच्या सांगण्यावरून वीतभर रुंद, पंधरा सेंटिमीटर खोल चर खणला. तळाला फुलांच्या वाफ्याकडे उतार दिला, धुम्मस मारली, माती वर येऊ नये म्हणून पाणी झिरपणारं जाड कापड अंथरलं. त्यावर गिट्टी आणि सगळ्यात वर बारीक कच. इथे जाड्या लालसर वाळूला बदरपूर म्हणतात. ती स्वस्त मिळते, पण मी घेतली नाही. वाळू पावसाबरोबर वाहून जाते. फोडलेल्या दगडाची कोनेदार कच मात्र एकमेकींत रुतून बसते आणि पाणीही सोडते. मोठ्या रेल्वेतसुद्धा स्लीपरखाली साधारण २५ ते ३५ सेंटिमीटर खडी असते ती याचसाठी. भर उन्हात ती ठोकून ठोकून रूळ समपातळीत ठेवणाऱ्या गँगमनचे कष्ट मला या वयात, चौदा मीटर ठोकल्यावर कळले.

पितळी रूळ कुठेही खिळवले नाहीत. पितळ तापलं की वाढतं. जानेवारीतली पाच अंशांची पहाट आणि मेमधलं पंचावन्न अंशांना तापलेलं पितळ, एवढ्या फरकात चौदा मीटरचा मार्ग सेंटिमीटरभराहून जास्त लांबतो. त्याला हलायला जागा हवी. सांध्यांत फट ठेवली, बाकी कचच त्याला धरून ठेवते. पाणसळ घेऊन दर हातभर अंतरावर बुडबुडा पाहत गेलो. वळणावर तीन संध्याकाळी गेल्या.

काम चालू असताना नातवाला चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात नेलं. १९७७ सालचं हे संग्रहालय. तिथे पतियाळा संस्थानची १९०७ची मोनोरेल आहे. तिचा जवळपास सगळा भार एकाच रुळावर आणि तोल सांभाळणारं मोठं चाक सरळ रस्त्यावरून धावतं. त्या चाकाखाली रूळच नाही. रस्ता खचला की गाडी गेली, हे नातवाने माझ्याआधी ओळखलं.

माथेरानची गाडीही १९०७चीच. २०१९च्या पावसात तिच्या मार्गाखालची जमीन जागोजागी वाहून गेली आणि नेरळहून वर जाणारी गाडी पुन्हा सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला. इंजिनं शाबूत होती, डबे शाबूत होते.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथली नगरी छपराखाली आहे, म्हणून ती तशीच टिकून राहते. उघड्यावर मांडायची हौस असेल, तर गाडी मागवण्याआधी एक पावसाळा थांबा आणि आपल्या बागेतलं पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, ते छत्री घेऊन पाहून ठेवा.